डावीकडून चौथी खिडकी

लाँड्रीच्या काउंटरवर कोट टाकून मी त्याचे खिसे चाचपत होतो. एक जुनं तिकीट निघालं, टोपण नसलेलं पेन निघालं, आईच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट निघालं. पलीकडची बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, हिला त्या पाकिटाचं कुतूहल. मग ती म्हणाली, "तुम्ही थर्मासवाले ना?"

सोमवारची सकाळ होती, साडेनऊची बस गाठायची होती, माझ्यामागे दोन माणसं उभी होती. मी "नाही" म्हणणारच होतो. माझ्या कामात ओळख दाखवायची नाही हा पहिलाच नियम. पण तो शब्द आत कुठेतरी जाऊन बसला आणि मी तिच्याकडे नीट पाहिलं. रुंद कपाळ, डाव्या भुवईत एकच पांढरा केस. माणूस विसरलो तरी असली खूण मी विसरत नाही. लक्षात ठेवण्याचीच भाकरी खातो मी.

"बसस्थानकावर हो. चौकशीच्या खिडकीत होते मी. तुमच्या आईचा थर्मास बसमध्ये राहिला होता, निळा, लाल झाकणाचा. तुम्ही गेल्यावर दिवसभर मला कसंतरीच झालं होतं. आई गेलेली, आणि वर तिची एवढीशी वस्तूही गेली."

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"सापडला तो," ती म्हणाली, आणि असं काही सांगताना माणसाचा चेहरा जसा उजळतो तसा तिचा उजळला. "घरी ठेवलाय मी जपून. कोट शनिवारी मिळेल, तेव्हा थर्मासही आणून ठेवते."

सापडला. जो नव्हताच तो सापडला. माझ्या आईचा निळा थर्मास कधीच नव्हता. आणि माझी आई त्या क्षणी घरी खिडकीशी बसून, चष्मा कपाळावर सरकवून, चष्मा शोधत असणार. मी मोठमोठ्या कंपन्यांसाठी पाहणी करतो. गिऱ्हाईक बनून जायचं, खिडकीतल्या माणसाशी बोलायचं, तो कसा वागतो ते पाहायचं आणि बाहेर पडून फॉर्म भरायचा. मान वर केली का. किती वेळात लक्ष दिलं. हसली का. दहापैकी किती. समोर उभं राहून लिहायचं नाही, म्हणून सगळं डोक्यात भरून न्यायचं आणि पुढच्या बसमध्ये किंवा बाकड्यावर बसून ओतायचं. काय नाटक करायचं तेही कार्यालयच ठरवून देतं. त्या दिवशीचं नाटक होतं हरवलेल्या वस्तूचं, आणि कागदावर खाली बारीक अक्षरात सूचना होती: प्रसंगाला भावनेची जोड द्यावी. मी दिली. "आईची शेवटची आठवण आहे हो," असं म्हणालो आणि आवाजही थोडा खाली आणला. मला आठवतं, ते वाक्य जमलं म्हणून मनातल्या मनात मी खूशही झालो होतो.

"पण तुम्ही इथे कशा?" मी विचारलं. विचारायला नको होतं. मागचा माणूस घसा खाकरत होता, बसला वीस मिनिटं उरली होती, पावती घेऊन निघता आलं असतं.

"काढलं मला तिथून. अकरा वर्षं काढली आणि मग मला काढलं." हे वाक्य तिनं पूर्वीही कुणाकुणाला ऐकवलं असावं, कारण ती त्यावर स्वतःच जराशी हसली. "कुणीतरी लिहून दिलं. खिडकी क्रमांक दोनमधल्या बाईनं मान वर केली नाही, ती नखं रंगवत बसली होती. आता ही नखं बघा." तिनं हात पुढे केले. सोड्यानं पांढरी पडलेली, आखूड कापलेली नखं. "जन्मात कधी रंगवली असतील तर शपथ. साहेबांना म्हटलं, तर म्हणाले, बाई, कागद बोलतो, आम्ही काय करणार. बरं, इस्त्री कडक की साधी?"

"साधी," मी म्हणालो.

बसमध्ये खिडकीशी बसलो आणि बाहेरचं काहीच पाहिलं नाही. असं सहसा होत नाही. मला पाहायची सवय आहे, व्यसनच म्हणा. शेजारच्या माणसाच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उरलाय पण घड्याळ नाही, ड्रायव्हर वळणावर ओठ आवळतो, समोरच्या बाईनं पिशवीच्या तोंडाला गाठ मारताना एक टोक दातात धरलंय, हे सगळं आपोआप आत जातं. त्या दिवशी फक्त नखं दिसत होती. नखं रंगवणारी बाई मला लख्ख आठवत होती. तिच्या समोरची बाटली आठवत होती, गुलाबी. मी तिला दोन वेळा "ऐका ना" म्हणालो होतो आणि तिनं करंगळीवर फुंकर घालत "पुढच्या खिडकीत" म्हटलं होतं. तिला मी दहापैकी एक दिला होता. आणि पुढे जाऊन जिच्याशी बोललो, जिनं माझ्या न हरवलेल्या थर्माससाठी तीन ठिकाणी फोन केले, उठून मागच्या खोलीत जाऊन फळीवरचे डबे हलवून पाहिले आणि परत येऊन "मिळेल हो, धीर सोडू नका" म्हणाली, तिला दहापैकी दहा. खाली दोन ओळी जास्तही लिहिल्या होत्या. मग कागद बोलला तो काय बोलला? मी स्वतःला समजावलं, माझ्यासारखे आणखी चार जण हे काम करतात. दुसऱ्या कुणाचा फॉर्म असेल. एखाद्या दिवशी तिनंही नखं रंगवली असतील, माणूस आहे. दुसऱ्या गावी उतरेपर्यंत मी तिच्या बोटांवर गुलाबी रंग जवळजवळ लावून टाकला होता.

त्या गावात दोन दिवसांचं काम होतं. एक हॉटेल, दोन बँका, एक चपलांचं मोठं दुकान. हॉटेलातल्या माणसानं किल्ली देताना जांभई दिली. मी ती पाहिली, बाजूला घेतली, आणि खोलीत बसून फॉर्म उघडला तेव्हा पेन चालेना. जांभईचे दोन गुण जातात. त्याची बायको बाळंतीण असेल. त्याला दाढ दुखत असेल. तो नुसताच कंटाळला असेल, कंटाळू नये का माणसानं? दहापैकी दहा लिहिले आणि तेही खोटं वाटलं. चपलांच्या दुकानातल्या तरुणीनं मला एक नंबर लहान जोड दिला आणि "चालल्यावर सैल होईल" म्हणाली; तिलाही दहा. पायाला फोड आला. रात्री पलंगावर तो फोड दाबून पाहताना मला एक विचित्र समाधान वाटत होतं.

तीन वर्षं मी हे काम करतोय आणि कुणाचं काय झालं हे मला कधी कळलं नाही, मी कधी विचारलंही नाही. गुण द्यायचे, पाकीट बंद करायचं. लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाला एक विहीर होती, तिच्यात खडा टाकून आवाज ऐकण्याचा आम्हा मुलांना नाद होता. एकदा मी टाकलेल्या खड्याचा आवाजच आला नाही. बाकीची मुलं पळाली. मी मात्र कठड्याला पोट लावून बराच वेळ उभा होतो, की अजून येईल, अजून येईल. त्या हॉटेलात पडल्यापडल्या मला वाटलं, आत्ता आला तो.

बुधवारी परतीच्या वाटेवर बस त्याच स्थानकावर बदलावी लागते. चाळीस मिनिटं मिळतात. मी एरवी चहा घेतो. त्या दिवशी दिवाणखान्याएवढ्या त्या दालनात शिरलो आणि दाराशीच थांबलो, जसा तेव्हा थांबलो होतो. समोर पाच खिडक्या. गेल्या वेळी भिंतीला रंग देणं चाललं होतं, शिड्या लावलेल्या होत्या, आणि खिडक्यांवरच्या आकड्यांच्या पाट्या काढून कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. म्हणून मी डावीकडून मोजलं होतं. कुणीही मोजेल. डावीकडून एक, दोन, ती नखंवाली. डावीकडून चार, ही. आता भिंत स्वच्छ फिकट हिरवी होती आणि पाट्या जागेवर होत्या. सगळ्यात डावीकडे पाच. मग चार, तीन, दोन, एक. आतल्या लोकांचं दार उजव्या टोकाला आहे; ते आत शिरतात आणि तिथून मोजतात. डावीकडून चौथी ती त्यांची दुसरी. डावीकडून दुसरी ती त्यांची चौथी. फक्त मधली तेवढी दोन्हीकडून तीच.

गणित पहिलीतल्या पोराचं होतं. मी ते बोटांनी पुन्हा केलं. एका खांबाला टेकून तिसऱ्यांदा केलं, जणू काही मधेच एखादी खिडकी वाढेल. मग मला भिंतीवरची चौकट दिसली. "उत्तम सेवा", खाली फोटो, खाली खिडकी क्रमांक चार. नखंवाली फोटोत हात पाठीमागे घेऊन उभी होती. मी लिहिलेल्या त्या दोन जास्तीच्या ओळी तिच्या फोटोखाली सुबक अक्षरात छापल्या होत्या: अनोळखी माणसाचं दुःख आपलं मानणारी कर्मचारी.

मी तिच्या खिडकीशी गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. ती तिथेच बसली होती आणि मला पाहताच अर्धवट उठून म्हणाली, "या ना, काय मदत करू?" गुलाबी बाटली कुठे दिसेना. पुढच्या बसची वेळ विचारली तर तिनं कागदावर लिहून दिली, फलाट सांगितला, वर "सावकाश जा, वेळ आहे" म्हणाली. फोटोनं तिला सुधारलं होतं. माझ्या चुकीनं एकीला घरी पाठवलं आणि दुसरीला माणसात आणलं, आणि यात पहिलीचं काय, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं. डावीकडून चौथ्या खिडकीत एक नवी पोरगी मान वर करून, टक्क डोळे उघडून बसली होती. इतकी सावध की बघवेना.

गुरुवारी संध्याकाळी आईला प्रवचनाला न्यायचं असतं. घरात आम्ही दोघंच. आठवडाभर मी कुठेही भटकत असलो तरी गुरुवार तिचा. सभागृह लहान आहे, खुर्च्या करकरतात, पण प्रवचनकार गोड माणूस. अर्धं बोलतात, अर्धं गातात. बोलता बोलता शब्द कधी सुराला लागतो ते कळत नाही, आणि मग एकच ओळ ते अशी घोळवतात की मागच्या रांगेतले पेंगणारे आजोबाही झोपेत मान डोलवतात. मीही ऐकतो. लहानपणी आईच्या मांडीवर ऐकायचो, तेव्हा समजत काही नव्हतं, पण तिच्या पोटातून तिचं गुणगुणणं माझ्या कानाला लागायचं आणि देव म्हणजे हा असा कानाला लागणारा आवाज, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. खरं सांगायचं तर अजून ती पुरती गेलेली नाही. त्या दिवशी बुवा सांगत होते, देव सगळं बघतो असं म्हणून आपण पोरांना भिववतो. अरे, पण कसं बघतो? चोराकडे पहारेकरी बघतो तसं? छे. तान्हं पाळण्यात हाललं की आई बघते तसं. एक बघणं धरायला असतं, एक बघणं सावरायला. आणि ते गायला लागले. सावरायाला, सावरायाला, वर गेले, खाली आले. माझ्या शेजारी आईनं हलकेच ताल धरला. मला तिथून उठून जावंसं वाटलं. सव्वीस वर्षांचा असतो तर गेलो असतो; पन्नाशीच्या माणसाला आईच्या गुडघ्यांसाठी शेवटपर्यंत बसावं लागतं.

परत येताना ती माझ्या दंडाला धरून चालते. सोनाराच्या दुकानाशी एकदा थांबते, दम घ्यायला. पण दागिने बघायला थांबल्यासारखं दाखवते.

"फोड कसला पायाला? लंगडतोयस."

"नवे जोडे."

"जोड्यांनी माणूस पायानं लंगडतो. तुझं तोंड का लंगडतंय सोमवारपासून?"

मग मी सांगितलं. तिथेच, काचेतल्या दिव्यांच्या उजेडात. थर्मास सांगितला, खिडक्या सांगितल्या, नखं सांगितली. आई गेली असं सांगितल्याचं आधी गाळलं, पण त्याशिवाय गोष्ट पुढे सरकेना, म्हणून मागे येऊन तेही घातलं. ती ऐकत होती, नजर एका हारावर.

"कशानं गेले मी?" तिनं विचारलं.

"आई..."

"नाही, कळू दे. लोकांना सांगतोस तर मला नको कळायला?"

"तेवढं काही सांगितलं नव्हतं. नुसतं गेली म्हटलं."

"म्हणजे आजारपणसुद्धा केलं नाहीस माझं. सरळ उचललीस." तिला हसू आलं, अगदी खांदे हलेपर्यंत हसली, दुकानातल्या माणसानं मान वर करून पाहिलं. मलाही बरं वाटलं. वाटलं, सुटलो, हसण्यावारी गेलं. चार पावलं चालल्यावर तिचा हात माझ्या दंडावर जड झाला.

"माझं मरण परवडलं रे," ती म्हणाली. "मी काय, आज नाही उद्या ते खरंच करून दाखवीन. त्या बाईचं काय करतोस?"

"बघतो."

"बघतच आलास की इतकी वर्षं."

ती मुद्दाम टोचून बोलली नव्हती. तिच्या बोलण्याची रीतच तशी आहे, भाजीत मीठ टाकावं तसं टाकते आणि पुढच्या कामाला लागते.

शुक्रवारी फॉर्म द्यायला कार्यालयात गेलो. आमच्या वरिष्ठ बाईंना सगळे फूटपट्टी म्हणतात, त्यांच्या माघारी अर्थात. सरळ बसतात, सरळ बोलतात आणि टेबलावर खरोखरच एक फूटपट्टी असते, तिनं त्या ओळी वाचतात. त्यांनी माझा गठ्ठा चाळला, पट्टी खाली खाली सरकत गेली.

"सगळ्यांना दहापैकी दहा?"

"चांगली माणसं होती."

"एका गावात, दोन दिवसांत, अठरा माणसं चांगली? मला पत्ता द्या हो. निवृत्त झाल्यावर तिकडेच जाऊन राहते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी म्हणालो, "एक विचारायचं होतं. समजा, एखाद्यानं खिडकीचा आकडा चुकीचा लिहिला. पाट्या नव्हत्या म्हणून. आणि ते नंतर लक्षात आलं."

"समजा कशाला? कुणी लिहिला?"

"नाही, समजाच."

त्यांनी पट्टी आडवी ठेवली. "एक आकडा चुकला म्हणजे तो माणूस मोजायला चुकतो. मग त्याचे सगळे फॉर्म उघडायचे. किती वर्षांचे असतील ते. कुणाकुणाला काय काय झालं ते काढायचं, कंपन्यांना पत्रं लिहायची. आणि तो माणूस इथे पुन्हा फॉर्म भरत नाही, हे ओघानं आलंच." थोडं थांबून, जरा मऊ आवाजात, "आई कशा आहेत तुमच्या?"

"आहेत," मी म्हणालो.

"मग समजाच राहू दे," त्या म्हणाल्या आणि गठ्ठ्याला दोरी बांधली.

मला त्यांचा रागही येईना. त्यांनी मला दार दाखवलं होतं, आणि ते आत येण्याचं नव्हतं, सुटण्याचं होतं. दर शुक्रवारी मी पोहायला जातो तसा गेलो. हा माझा आठवड्यातला एकच तास, ज्यात मी कुणाकडे बघत नाही, कारण चष्मा कपाटात असतो आणि पाण्यात सगळी माणसं सारखीच धूसर, सारखीच चांगली दिसतात. तिथे लांबीला पट्टे आखलेले आहेत. मी एका टोकाहून सुटलो, दुसऱ्या टोकाला हात टेकला, डोकं वर काढलं तर नाकासमोर फरशीवर मोठा तीनचा आकडा. पलीकडे मागे वळून पाहिलं, तिथेही तीनच असणार. मी तिथूनच निघालो होतो. दोन्ही टोकांना तोच आकडा रंगवलाय. कुणीतरी, कुठल्यातरी साध्या रंगाऱ्यानं, इकडून येणाऱ्याचा आणि तिकडून येणाऱ्याचाही विचार केला होता. कठड्याला धरून मी बराच वेळ तसाच तरंगत राहिलो. माझे किती आकडे उलटे गेले असतील? किती ठिकाणी पाट्या नव्हत्या? पुसट होत्या तिथे मी अंदाजानं लिहिलं नाही का? एका बँकेत "उंच, सावळा" असं लिहिलं होतं आणि दारातून बाहेर पडताना आणखी एक उंच, सावळा दिसला होता. तेव्हा गंमत वाटली होती.

शनिवारी आईला म्हटलं, "चल माझ्याबरोबर. तू दिसलीस की निम्मं काम होईल."

ती शेंगा सोलत होती. "मी नाही येत. मी आले की तू माझ्या पदराआड लपशील आणि ती बिचारी माझ्याकडे बघून गप्प बसेल. म्हातारं माणूस बघून लोक शिव्या गिळतात. तिला देऊ दे की चार."

लाँड्रीत दुपारची शांतता होती. कोट तयार होता, कागदात गुंडाळलेला. आणि शेजारी थर्मास. निळाच. बुडाला एक पोचा. तो घासूनपुसून असा चकचकीत केला होता की त्यात माझं तोंड लांबोडकं होऊन दिसत होतं.

"झाकण हिरवं आहे बघा," ती म्हणाली. "तुम्ही लाल म्हणाला होतात. मी म्हटलं, दुःखात माणसाला रंग कुठले आठवतात. तुम्ही येऊन गेलात त्याच्या आठव्या दिवशी गाडी झाडणाऱ्या मावशींनी आणून दिला. तुमचा पत्ता घेतला नव्हता याची इतकी चुटपुट लागली होती मला. तीन आठवड्यांनी बेवारस सामान भंगारात देतात. त्याच सुमाराला मला काढलं, म्हणून येताना पिशवीत घालून घेऊन आले. चोरी म्हणा हवं तर."

मी हात लावला नाही. "माझी आई आहे," मी म्हणालो.

"हो, आईचाच."

"नाही. म्हणजे ती जिवंत आहे. घरी आहे. तिचा थर्मास नव्हता. माझा काहीच हरवलं नव्हतं." वाक्य चुकलं, दुरुस्त करत बसलो नाही. "मी गिऱ्हाईक नव्हतो. पाहणी करायला आलो होतो. तो कागद माझा. तुम्हाला मी दहापैकी दहा दिले होते, पण पाट्या नव्हत्या, मी डावीकडून मोजलं, आणि तुमची खिडकी..."

मी तिला ते सगळं सांगितलं. काउंटरवर बोटानं पाच रेघा ओढून दाखवल्या, त्या लगेच पुसल्या गेल्या. ती माझ्या बोटाकडे बघत होती. तिच्या मागे वाफेचं यंत्र सुस्कारे टाकत होतं. मी वाट पाहत होतो की ती ओरडेल, थर्मास अंगावर फेकेल. आठवडाभर मनात मी तिच्याकडून हे सगळं करवून घेतलं होतं आणि त्याची मला आता गरज होती. ती काहीच करेना. शेवटी मी फोन काढला आणि तिच्यासमोर फूटपट्टीबाईंना लावला. शनिवारी त्या दोनपर्यंत बसतात. "तो समजा मीच आहे," मी म्हणालो. "माझे सगळे फॉर्म उघडा. बसस्थानकापासून सुरुवात करा. हो. हो, समजून बोलतोय. सोमवारी लिहून देतो." पलीकडे पट्टी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, की मला तसा वाटला.

फोन खिशात टाकला. छातीवरचं ओझं उतरेल म्हणून थांबलो. थोडं उतरल्यासारखं झालंही. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मी तिच्या तोंडाकडे आशेनं पाहिलं.

ती थर्मासचं झाकण उघडून आत बघत होती.

"मग हा कुणाचा?" ती म्हणाली.

मी काउंटरवरचा कोट उचलला.

"एक आजोबा आले होते," ती म्हणाली, माझ्याशी नव्हे, त्या आतल्या अंधाराशी. "हा सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी. निळा थर्मास राहिला का गाडीत, म्हणाले. हिरव्या झाकणाचा. दवाखान्यात कुणालातरी सूप नेत होते त्यात. मी म्हटलं, नाही हो आजोबा. ड्रॉवरमध्ये होता. मला वाटलं, यांना दुसरा घेता येईल, त्या माणसाची आई परत यायची नाही." तिनं थर्मास उजेडाकडे कलता केला. "चार दिवसांनी परत आले. तेव्हा ड्रॉवर जरा उघडा होता. मी तो गुडघ्यानं लोटला."

यंत्रानं पुन्हा सुस्कारा टाकला. तिनं झाकण लावलं, फिरवलं, फिरवतच राहिली, घट्ट झाल्यावरही.

"कुठे राहतात ते? नाव?" मी विचारलं.

"नाव मी विचारलंच नाही. द्यायचाच नव्हता तर नाव कशाला विचारू?" मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. डोळे कोरडे होते. "माझी नोकरी गेली त्याचं मी रडून घेतलं, संपलं. पण गेले तीन महिने मी रोज या थर्मासकडे बघून स्वतःला म्हणत होते, जाऊ दे, एक तरी चांगलं काम झालं हातून. तुम्ही आज येऊन मला सांगितलंत. बरं वाटलं असेल तुम्हाला. मी कुणाला जाऊन सांगू?"

आतून कुणीतरी तिला हाक मारली, कुठल्यातरी पांघरुणाचा डाग निघत नव्हता. ती थर्मास काउंटरवर ठेवून आत गेली. जाताना तिनं तो माझ्याकडे सरकवला नाही, आपल्याकडेही ओढला नाही. मधेच ठेवला. कोट माझ्या हातात होता, पावती फाडून झाली होती, माझं तिथलं काम संपलं होतं. मागून एक बाई चादरींचं बोचकं घेऊन आल्या, क्षणभर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही आहात का रांगेत?"

"हो," मी म्हणालो. "पण तुम्ही पुढे व्हा. मला वेळ लागेल."